बिरक्यातले चार

तळ्यात जिवंत मासे अकरा होते. पाच लाल-पांढरे, तीन नारिंगी, दोन पिवळे आणि एक काळ्या ठिपक्यांचा, ज्याचा डावा डोळा खोल गेला होता. मागच्या खोलीतल्या डीप फ्रीझरमध्ये, दुहेरी काळ्या पिशव्यांत बांधलेले मेलेले मासे एकोणपन्नास. पाणी अंदाजे साठ हजार लिटर, तापमान साडेतेवीस अंश. तळ्यावर ताणलेली जाळी एक, तिला भोक एकही नाही. काठावर ब्लीचिंग पावडरची पंचवीस-पंचवीस किलोची पिंपं चार, बूट बुडवायला औषधाच्या पाण्याचं घमेलं एक, लवंगेच्या तेलाची बाटली एक.

सानिका पालशेतकरने हे सगळं वहीत लिहिलं, पुढे वेळ लिहिली, सकाळचे नऊ चाळीस, आणि मग काठावरच बसली. आजचा बारावा दिवस. या बारा दिवसांत ती जेद्दाहून राबिघला नऊ वेळा आली होती. येताना दीड तास, जाताना दीड तास, मध्ये हे तळं. जेद्दातल्या शराफिया भागातल्या घरी तिची मोठी बहीण रुचा, जी स्वतः हॉस्पिटलात नर्स होती, आज सकाळी डबा हातात देताना म्हणाली होती, "माझ्या आयसीयूतले पेशंटसुद्धा तुझ्यापेक्षा ताजे दिसतात गं."

सानिका रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकली होती आणि दीड वर्षापासून जेद्दातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत माशांचे रोग तपासत होती. हे तळं एका शेखच्या इस्तिराहातलं, म्हणजे गावाबाहेरच्या आरामघरातलं. शेख वर्षातून चार वेळा येई. तळ्यात जपानी जातीचे रंगीत कोय मासे होते, आणि ते मरायला लागले तेव्हा प्रयोगशाळेला फोन आला होता.

रोगाचं नाव कोय हर्पीस. तो माणसाला काही करत नाही, म्हणून त्याला कोणी घाबरत नाही. कोय आणि साध्या कार्पचे मात्र कल्ले कुजवून तो त्यांना आठवड्या-दोन आठवड्यांत संपवतो. तेही पाणी सतरा ते अठ्ठावीस अंशांत असेल तेव्हाच. म्हणजे राबिघच्या उन्हाळ्यात तो झोपून असतो आणि हिवाळ्यात जागा होतो. औषध नाही. जे मासे वाचतात ते बरे झाल्यासारखे दिसतात, पण रोग अंगात बाळगून जगतात आणि पुढे दुसऱ्याला देतात. म्हणून आज त्या अकरांनाही लवंगेच्या तेलाच्या पाण्यात झोपवायचं होतं, कायमचं, आणि मग तळ्यात पावडर टाकायची होती.

एवढी काळजी तळ्यासाठी नव्हती. तळं मेलं तर शेख दुसरं भरून घेईल. काळजी होती ती मागच्या भिंतीपलीकडच्या वादीची. वादी म्हणजे नदीचं पात्र, बहुतेक वर्षभर कोरडं. पण इथे खडकातून हाताच्या बोटाएवढी झऱ्याची धार येत होती. ती एका जुन्या दगडी हौदात साठायची, त्याला सगळे बिरका म्हणत. आणि बिरका भरला की पाणी त्याच्या तोंडातून ओघळून खालच्या डोहात जायचं. डोहात बोटभर लांबीचे तपकिरी मासे होते. दुसऱ्याच दिवशी सानिकाने ते पालथं पडून पाहिले होते. आपल्याकडच्या ओढ्यात दगडाला तोंड लावून बसणारा मळ्या असतो, त्याचाच हा चुलतभाऊ. कार्पच्याच मोठ्या कुळातला. चारही बाजूंना वाळवंट, आणि मधल्या एवढ्याशा पाण्यात हे हजारो वर्षं कसे टिकले असतील, या विचाराने ती त्या दिवशी अर्धा तास उन्हात विसरून पडली होती. नंतर तिने शोध घेतला. या माशाला हा विषाणू लागतो का, यावर तिला एकही निबंध सापडला नाही. लागत नाही असं नव्हे. कोणी तपासलेलं तिला सापडलं नाही.

तळ्याचं पाणी वादीत जात नव्हतं, ते बागेतच जिरत होतं. हे तिने पहिल्याच दिवशी पाहून घेतलं होतं. त्यामुळे आजचं काम झालं की संपलं.

फोन वाजला. शेखचा मॅनेजर शारीक. त्याने एका कागदाचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, 'सॉरी मैडम, लेट हो गया.' पुरवठादाराने माशांबरोबर दिलेलं आरोग्य प्रमाणपत्र. ते तिने अकरा दिवसांपूर्वी मागितलं होतं. तिने फोटो मोठा केला. तारीख, आठ जानेवारी. जात, कोय. एकूण नग, चौसष्ट.

सानिकाने वही पुन्हा उघडली. पहिला दिवस: मेलेले एकोणीस, जिवंत एक्केचाळीस, एकूण साठ. आजचा दिवस: मेलेले एकोणपन्नास, जिवंत अकरा, एकूण साठ. बारा दिवस बेरीज जुळत होती आणि बारा दिवस ती त्यावर खूश होती. पण तो साठचा आकडा तिला कोणी दिलाच नव्हता. तिने स्वतःच मोजून त्याच्यापुढे 'एकूण' लिहिलं होतं. जेवढं दिसलं तेवढंच होतं, असं धरून चालायचं नसतं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. परीक्षेत तिला त्यावर पैकीच्या पैकी मिळाले होते.

"जमालचाचा!" तिने हाक मारली.

जमालुद्दीन मुकादम बागेतून सुलेमानी चहाचे दोन पेले घेऊन आला. वय एकसष्ट, मूळचा दाभोळचा, बावीस वर्षं या इस्तिराहाची बाग, तळं आणि खजुरीची झाडं सांभाळणारा. सानिका गुहागरकडची आहे हे कळल्यावर पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "मंग तं आपून समोरासमोरचे! मदी फक्त खाडी." तेव्हापासून ती त्याची 'बाय' झाली होती. आत येताना त्याने घमेल्यात पाय बुडवले आणि नमाजाआधीच्या हातपाय धुण्यावरून नेहमीचं वाक्य टाकलं, "पाच वजू अल्लाहचे, सहावा तुजा."

"चाचा, मासे किती आले होते?"

"तूच मोजलंस नं. साठ."

"मी मोजले ते साठ. आले किती?"

"मना काय ठावं? पिशव्या आल्या, मी सोडल्या."

"चौसष्ट आले होते. कागद आलाय."

जमालुद्दीनने चहा फुंकला. "बगळा आला असंल."

"वर जाळी आहे."

"मंग मांजार."

"मांजर जाळीखालून पोहत गेलं?"

"इथली मांजरा काय पन करतात, बाय. तुला ठावं नाय."

एरवी ती हसली असती. आज हसायलाही जोर लागला असता. तिने वही मिटून मांडीवर ठेवली.

"हे बघा चाचा. ते चार मासे मांजराने खाल्ले असतील, तर मी हे अकरा संपवते, तळ्यात पावडर टाकते आणि घरी जाऊन झोपते. बारा दिवस मी नीट झोपलेली नाही. पण ते चार दुसऱ्या कुठल्या पाण्यात जिवंत असतील, तर हा रोग तिथे पोचला. मग हे तळं धुऊन काही उपयोग नाही. तेवढं फक्त सांगा. मांजराने खाल्ले?"

जमालुद्दीनने पेला काठावर ठेवला.

"मंग झोपू नको, बाय," तो म्हणाला. "बिरक्यात हायत."

तिने मांडीवरची वही उघडली.

"डिसेंबरात बिरका उपसला मी," तो खाली बघत सांगू लागला. "कमरेएवढा गाळ. मी आनी दोन बंगाली, सहा दिवस. आपल्याकडं बाव उपसली का तिच्यात मासा सोडतात. तुमच्याकडं नाय सोडत?"

"सोडतात," सानिका म्हणाली. गुहागरच्या घरची विहीर उपसली तेव्हा तिच्या बाबांनी ओढ्यातून दोन मासे आणून सोडले होते. घागर भरताना ते वर आले की बरं वाटायचं.

"मासा नसला का पानी मरतं."

"पण बिरक्यात मासे होते की. ते तपकिरी."

"ते कुटं दिसतात? खडकाच्या रंगाचे. मासा कसा दिसाया पायजे. लाल चमकून गेला का समजायचं, पानी जितं हाय. म्हनून नव्या पिशव्या आल्या तेव्हा आठवड्याभरानी चार बारके नेऊन सोडले. तवा कुनी आजारी नव्हतं, अल्लाशप्पत. पन शेखचे मासे, न इचारता नेले. चोरीच नं ती. मंग हे मरायला लागले नि तू आलीस. म्हटलं आता बोललो तं खलास, बावीस वर्षांचा नाव जाईल. रोज सकाळी जाऊन बघतो. चारी जिते हायत. म्हटलं चला, चार तं वाचले."

"वाचलेत म्हणूनच तर..." ती म्हणाली आणि थांबली. हे वाक्य तिने बारा दिवसांत शारीकला चारदा समजावलं होतं. पाचव्यांदा त्राण नव्हतं. "त्यांना सोडून किती दिवस झाले?"

"मागच्या म्हयन्यात, चौदा तारखेला सोडले. शाबानचा चांद दिसायच्या पाच-सहा दिस आदी."

आज दहा फेब्रुवारी, म्हणजे सत्तावीस दिवस. तिने लिहिलं.

डॉक्टर नबील, प्रयोगशाळेचे सुदानी प्रमुख, फोनवर कधीच आवाज चढवत नसत. त्यांनी आधी पाण्याचं तापमान विचारलं. सानिका थर्मामीटर घेऊन बिरक्यापाशी पळत गेली आणि सांगितलं, सव्वीस पूर्णांक एक. म्हणजे विषाणूला हवं तसंच. मग ते शांतपणे म्हणाले, बिरक्याचं तोंड ताबडतोब बंद करा. झऱ्याची धार पाइपने वळवून परस्पर डोहात सोडा. चारही कोय काढा. आणि बिरक्यात जे काही पोहतं ते सगळं काढा.

"तपकिरीसुद्धा?" तिने विचारलं.

"सत्तावीस दिवस ते त्यांच्यासोबत आहेत, सानिका."

"पण त्यांना हा रोग होतो की नाही हे माहीतच नाही, सर."

"म्हणूनच," डॉक्टर नबील म्हणाले.

तोंडाशी वाळूची पोती रचली, त्यावर ताडपत्री दाबली. बागेचा पाइप झऱ्याला लावून त्याचं दुसरं टोक खाली नेलं. हे होईपर्यंत बारा वाजले. बिरका वीस हात लांब, आठ हात रुंद, मध्ये छातीएवढा खोल. जमालुद्दीन आपल्या खोलीतून पाग घेऊन आला. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. हे त्याने स्वतः विणलेलं होतं आणि बावीस वर्षांत क्वचितच वापरलं होतं. सानिकाने ते औषधात बुडवून काढलं. मग तो बिरक्याच्या काठावर उभा राहिला, जाळ्याचा एक पदर दातात धरला, एक खांद्यावर टाकला आणि कमरेतून वळून फेकला. वयस्कर, वाकलेला माणूस त्या एका क्षणात सरळ झाला. जाळं हवेत फुललं आणि गोल पाण्यावर बसलं.

पहिल्या फेकीत दोन कोय. चौथ्या फेकीत तिसरा. नंतर चौदा वेळा फेकून नुसते तपकिरी.

"काल चार होते?" सानिकाने विचारलं.

"चार. मी मोजले."

"आज सकाळी?"

जमालुद्दीनने ओलं जाळं खांद्यावर घेतलं. "आज सकाळी नाय गेलो. तुझ्या पावडरीची पिंपा उचलत होतो."

त्याने बिरका उपसल्यावर तोंडाशी लोखंडी जाळी बसवली होती. सानिकाने पोतं सरकवून हात घालून पाहिला. जाळीची खालची कड गंजून दगडापासून सुटली होती; फटीत तिची चार बोटं गेली.

दोघं डोहाकडे उतरली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. फेब्रुवारीतलं असलं तरी खडकावरून परत फिरून तोंडावर येत होतं. डोह बिरक्याच्या तिप्पट, एका बाजूला लव्हाळं. आणि त्या तपकिरी पाण्यात, लव्हाळ्यापाशी, लाल-पांढरा मासा उभा होता. सावकाश कल्ले हलवत, घरच्यासारखा. त्याच्याभोवती छोट्या मळ्यांचं एक टोळकं दगड चाटत होतं.

सानिका तिथेच एका खडकावर टेकली. वहीत लिहायला हात उचलला आणि तसाच ठेवला. बारा दिवस बूट धुतले, टायर धुतले, हात इतके धुतले की बोटांची सालं निघाली. आणि मासा इथे उभा होता.

"बाय," जमालुद्दीन हळूच म्हणाला, "ऊठ. तो लव्हाळ्यात घुसला तं संध्याकाळपर्यंत नाय गावायचा. तू त्या अंगानी जा, पन पाण्यात सावली पाडू नको."

ती उठली. दोन तास लागले. तीनदा मासा जाळ्याच्या कडेखालून निसटला. एकदा जमालुद्दीनचा पाय घसरला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात बसला, तसाच बसून म्हणाला, "दाभोळच्या खाडीत मी दोन हातांचा जिताडा एका फेकीत घेतला हाय. हा शेखचा लाडका कुठला!" सानिकाला हसू आलं आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं. सव्वातीनला मासा जाळ्यात आला.

मग बिरक्यातले तपकिरी. ते सतरा निघाले. सानिकाने टबात पाणी घेतलं, त्यात लवंगेचं तेल थेंबथेंब घातलं. दाढदुखीच्या औषधासारखा वास सुटला. मासे आधी तिरके झाले, मग आडवे, मग कल्ले थांबले. ती घड्याळ लावून बसली. दहा मिनिटं पूर्ण मोजायची असतात.

"ह्यांनी काय केलं होतं?" जमालुद्दीनने विचारलं.

"काही नाही."

"तू चिडत का नाहीस माझ्यावर?"

"चिडायला अंगात काहीतरी लागतं, चाचा. उद्या चिडेन."

बिरक्यात पावडर पडली तेव्हा क्लोरीनच्या वासाने दोघांना खोकला आला. आता डोह राहिला. डोहातल्या माशांना मारायचं नव्हतं. कोविडच्या वेळी नाकात घालायचे तसल्या कापसाच्या काडीने त्यांचे कल्ले पुसायचे आणि त्यांना परत सोडायचं. सोडलेला पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून सगळं होईपर्यंत त्यांना हवेची नळी लावलेल्या टबात ठेवायचं.

"किती पुसायचे?"

"साठ."

"साठच कशाला? पुन्हा साठ?"

"साठांत एकही निघाला नाही, तर डोहात शंभरामागे पाचाहून कमी आजारी आहेत असं पंच्याण्णव टक्के खात्रीने म्हणता येतं."

जमालुद्दीनने विचार केला. "म्हंजे पुरी खात्री नाय."

"पुरी खात्री हवी असेल तर सगळेच मारून बघावे लागतील."

"नको," तो घाईने म्हणाला. "साठ ठीक हाय."

तो मासा धरायचा, ती कल्ला उचलून काडी फिरवायची, नळीत टाकायची, आकडा लिहायची. त्याचे राठ हात आश्चर्य वाटावं इतके हलके होते. एकही मासा त्याने दाबला नाही. साठावा झाला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तळ्यातले अकरा अजून तसेच होते. ते त्यांनी सहाच्या आत संपवले.

गाडीपाशी तिने मंत्रालयाला पाठवायचा फॉर्म उघडला. त्यात एक रकाना होता: रोगी मासे अन्य पाण्यात गेले असल्यास, कसे. तिने लिहिलं, 'देखभाल करणाऱ्या व्यक्तीने, रोगाची लक्षणं दिसण्यापूर्वी, हौदात सोडले.'

"माजा नाव?" जमालुद्दीनने खिडकीतून विचारलं.

"नावाचा रकाना नाही."

"शारीकला मीच सांगतो मंग. तुझ्या तोंडून नको जायला." त्याने तिथेच फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं, हिंदीत, थांबून थांबून. न विचारता नेलेले चार मासे, बिरका, डोह.

मग शारीक म्हणाला, "अरे चाचा, चार मछली के लिए इतना? शेख को तो पता भी नहीं कितनी थीं। मैडम हैं क्या वहाँ? मैडम, नई मछली कब डाल सकते हैं? ईद पे मेहमान आएँगे।"

जमालुद्दीन फोनकडे बघत राहिला. सत्तावीस दिवस त्याने ज्याचं ओझं वाहिलं होतं, ते पलीकडच्या माणसाच्या ध्यानातही राहणार नव्हतं.

"ईदनंतर बोलू," सानिका म्हणाली आणि गाडी सुरू केली.

दोन दिवसांनी निकाल आले. चार कोय, त्यांतले तीन पॉझिटिव्ह. डोहात सापडलेला त्या तिघांतलाच. बिरक्यातले सतरा तपकिरी, सतराही निगेटिव्ह. डोहातले साठ, निगेटिव्ह. डॉक्टर नबील म्हणाले, डोहाचा निकाल फार लवकरचा आहे. लागण झाली असली तरी इतक्यात दिसणार नाही. अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा साठ घ्या. तोवर डोहावर रोज कोणीतरी नजर ठेवायला हवी.

तिने जमालुद्दीनला फोन करून सांगितलं.

"म्हंजे ते सतरा निरोगी होते," तो म्हणाला.

"हो."

"मंग मारले कशाला?"

"तेव्हा माहीत नव्हतं, चाचा."

मग त्याने विचारलं, "रोज काय बघायचा?"

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला तिच्या व्हॉट्सॲपवर त्याचा आवाज यायचा. "आज तेरा फेब्रुवारी. मेलेला शून्य. पानी साफ." रमजान सुरू झाला. मग संदेश फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजनंतर येऊ लागला, आवाज कोरडा, "मेलेला शून्य." सानिका तो ऐकून मगच दात घासायची. रुचा म्हणायची, "लोक सकाळी भजन लावतात, आमच्याकडे हे." इतर तळी होती, इतर मासे होते, दमामला एका शेततळ्यात परजीवी निघाले, दोन दिवस तिकडे गेले. संदेश येत राहिले. तिने त्यांचा तक्ता केला, तारखेपुढे शून्य, शून्य, शून्य.

अठरा दिवसांनी संदेश आला, "आज एक."

तिने कामावर कळवलं आणि सरळ राबिघचा रस्ता धरला. मासा जमालुद्दीनने डबीत, बर्फावर ठेवला होता. तिने कल्ले उचलून पाहिले, लाल, स्वच्छ. पोट मात्र एका बाजूने चेपलेलं. डोहाकाठच्या चिखलात खुरांचे ताजे ठसे होते.

"शेरडा आली होती बदू धनगरांची पानी प्यायला," जमालुद्दीन म्हणाला. "माझ्या ध्यानात आलं, पन म्हटलं तूच बघ. मी ठरवायचा नाय आता काय."

मासा निगेटिव्ह निघाला. तिने तक्त्यात एक लिहिला आणि पुढे शेरा लिहिला, खूर.

दहा मार्चला ती दुसऱ्या साठांसाठी गेली. जमालुद्दीनचा विसावा रोजा होता. ओठांना चिरा पडल्या होत्या. ती म्हणाली, जाळं मी फेकून बघते. तिने दोनदा फेकलं, दोन्ही वेळा ते दोरीच्या गाठोड्यासारखं पाण्यात पडलं. त्याने ते तिच्या हातातून घेतलं. "गुहागरवाल्यांचं हे असंच," एवढंच म्हणाला, आणि दुपारपर्यंत न थांबता फेकत राहिला. पाणी सव्वीस पूर्णांक चार. ती कल्ले पुसत गेली, तो धरत गेला. शेवटच्या वीस माशांच्या वेळी दोघंही बोलत नव्हती. नुसते आकडे, एकेचाळीस, बेचाळीस. साठही मासे टबातून डोहात सोडल्यावर तो खडकाला पाठ लावून बसला आणि डोळे मिटले. सानिका त्याच्या शेजारी बसली. तिने पाण्याची बाटली बॅगेतून काढली नाही.

"हे पन शून्य आलं तं?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"तर डोह वाचला असं म्हणायचं. पंच्याण्णव टक्के."

"आनी नाय आलं तं?"

"तर खालचे डोह तपासायचे. सहा आहेत."

"साठ-साठ?"

"साठ-साठ."

जमालुद्दीनने मान हलवली. मग उठला, पाग धुतला, औषधात बुडवला आणि वाळत घातला, पुन्हा लागलाच तर तयार असावा म्हणून.

बारा मार्चला दुपारी दोन वाजता प्रयोगशाळेतलं तपासणीचं मशीन थांबलं. सानिकाने पडद्यावरचे आकडे आधी एकदा वरून खाली वाचले, मग खालून वर. मग ते वहीत उतरवले.

वादी, पहिला डोह. नमुने घेतल्याची तारीख दहा मार्च. पाण्याचं तापमान २६.४. नमुने साठ. पॉझिटिव्ह शून्य.